पन्नास वॉटचं आवर्तन

आमच्याकडं गच्चीवर पाइप उभा करून त्याच्या टोकाला पांढरी काठी लावलेली दिसली, की रस्त्यानं जाणारा माणूस थांबतो. मान वर करून काठी बघतो, मान खाली करून घरमालक बघतो आणि विचारतो, "किती किलोमीटर जातंय?" या प्रश्नाला कुठलाही हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला, सरळ उत्तर देत नाही. तो छाती किंचित पुढं काढून म्हणतो, "पन्नास वॉट आहे." विचारले किलोमीटर, सांगितले वॉट. ऐकणाऱ्याचं दोन्हीशी देणंघेणं नसतं. तो "बापरे" म्हणून पुढं जातो. हॅमला मात्र त्या रात्री झोप लागत नाही. पन्नास हा आकडा यंत्राच्या खोक्यावरचा आहे, हे त्याला आतून ठाऊक असतं. काठीतून बाहेर नेमकं किती पडतं, हा हिशेब वेगळा. तो मांडायला बसलं की घरातली शांतता आणि जुनी मैत्री दोन्ही पणाला लागतात.

माझ्या ओळखीत असे दोघं आहेत. एक नांदेडचे काका. वीज मंडळात आयुष्य काढून निवृत्त झालेले. तरोड्याकडं घर, गच्चीच्या अर्ध्या भागावर काकूंच्या कुरडया आणि अर्ध्या भागावर यांचा अँटेना. पाइप ताणून धरणाऱ्या नायलॉनच्या दोऱ्यांवर काकू कपडे वाळत घालतात, त्याला काकांची हरकत नाही. ओली साडी दोरीला वजन देते म्हणतात. दुसरे लातूरचे सर. फिजिक्स शिकवतात. लातुरात फिजिक्स शिकवणाऱ्या माणसाला नाव लागत नाही, 'सर' पुरतं. काकांचा हिशेब अंदाजपंचे, सरांचा दशांश चिन्हापुढं दोन घरं. दोघांनी केंद्र सरकारची परीक्षा देऊन हौशी बिनतारी परवाना काढलाय, दोघांच्या कॉलसाइनची सुरुवात व्हीयू३ नं होते आणि दोघांची महत्त्वाकांक्षाही एकच आहे. नांदेड ते लातूर १४५ मेगाहर्ट्झवर थेट बोलायचं. मधे रिपीटर नको, इंटरनेट नको.

सरळ रेषेत हे अंतर ११५ किलोमीटरच्या आसपास भरतं. रोज रात्री नऊला प्रयत्न होतो. काका माइकवर हाक मारतात आणि मग मोबाइल उचलून विचारतात, "सर, आयकू यायलंय का?" सर मोबाइलवरच सांगतात, "नाही." त्यानंतर मोबाइलवर अर्धा तास गप्पा चालतात. विषय एकच, यंत्रावर बोलणं का होत नाही.

सरांच्या मते दोष काकांचा. काकांना स्वतःचा ईआरपी माहीत नाही. ईआरपी म्हणजे प्रभावी उत्सर्जित शक्ती. व्याख्या तशी सोपी आहे. तुमचा सिग्नल एखाद्या दिशेला जेवढा जोरात जातो, तेवढाच जोर आणायला अर्ध्या तरंगलांबीच्या साध्या डायपोलला किती वॉट द्यावे लागले असते, तो आकडा. १४५ मेगाहर्ट्झला हा डायपोल जेमतेम मीटरभर लांबीचा असतो. यंत्राचे वॉट घ्यायचे, केबलनं खाल्लेले वजा करायचे, अँटेनाचा गेन मिळवायचा, झालं. सरकारलाही ही भाषा येते. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात परवान्याशिवाय उपकरणं चालवायची मुभा २००५ साली मिळाली, तिच्यात अट अशी की यंत्राची शक्ती १ वॉटच्या वर नको आणि ईआरपी ४ वॉटच्या वर नको. काकांनी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते हरखून गेले. एकाचे चार करायला केंद्र सरकार स्वतः परवानगी देतंय, तेही राजपत्रात छापून! वीज मंडळात असं काही कुणी केलं असतं तर दक्षता पथक आलं असतं, असं त्यांचं मत पडलं.

एकाचे चार होतात कसे आणि त्याआधी पन्नासाचे बारा होतात कसे, हे कळायला मराठवाड्याच्या माणसाला पुस्तक लागू नये. धरणातून आवर्तन सुटलं की पेपरात आकडा छापतात तो धरणाच्या तोंडाचा. पाणी कालव्यानं निघतं. वाटेत मुरतं, कुठं फुटतं, कुठं कुणी रात्रीतून मोटार टाकतं. टेलच्या शेतकऱ्याला विचारा किती आलं, तो कालव्यात उतरून चपलेचा तळ दाखवतो. अँटेनाची केबल हा असाच कालवा आहे. काकांची केबल आरजी-५८, बारीक, काळी, स्वस्त. खोलीतून जिन्यानं वर, टाकीला वळसा घालून पाइपावर, एकूण ३० मीटर. १४५ मेगाहर्ट्झला एवढ्या लांबीत ही केबल ६ डीबीच्या घरात खाते. ३ डीबी म्हणजे निम्मे, ६ डीबी म्हणजे चौथाई. पन्नास वॉट निघाले, टेलला साडेबारा पोचले. उरलेल्या साडेसदतीस वॉटांनी केबल गरम केली. जोडांचा अर्धा डीबी वेगळा. तो धरला की अकरा.

आता टेलला आलेलं पाणी सगळ्या रानात मोकळं सोडलं तर नुसती ओल होते. चारच वाफ्यांना बारं दिलं तर बघणाऱ्याला वाटतं, काय भरपूर पाणी आहे! अँटेनाचा गेन म्हणजे हे बारं. काठी एक थेंब नवा तयार करत नाही. वर आकाशाला आणि खाली काकूंच्या कुरडयांना जाणारी शक्ती आवरून ती क्षितिजाकडं वळवते, एवढंच. काकांच्या काठीच्या खोक्यावर लिहिलंय, '६ डीबी गेन'. अकराला चारनं गुणा, चव्वेचाळीस. केबलनं नेलं ते काठीनं परत आणलं म्हणून काका खूश. गेलं तेवढं आलं, हिशेब बरोबर, आता जेवायला वाढा.

इथं सरांनी मोबाइलवर घसा साफ केला. "काका, ६ डीबी कुणाच्या तुलनेत?"

हा प्रश्न हॅम मंडळींच्या घरोब्यात फूट पाडणारा आहे. गेन दोन मापांनी सांगतात. एक साध्या डायपोलच्या तुलनेत. दुसरं एका काल्पनिक बिंदूच्या तुलनेत, जो सगळीकडं सारखीच शक्ती फेकतो आणि जो कुणी आजवर बनवलेला नाही. दोन मापांत २.१५ डीबीचा फरक पडतो. काल्पनिक बिंदूशी तुलना केली की आकडा मोठा दिसतो, म्हणून खोकी छापणाऱ्यांचा जीव त्या बिंदूवर. काही खोक्यांवर तर कुणाशी तुलना केली हेच लिहीत नाहीत. अस्तित्वात नसलेल्या प्रतिस्पर्ध्याला हरवून मिळवलेली ढाल. सरांनी ६ मधून २.१५ वजा केले, राहिले ३.८५, चव्वेचाळीसचे सत्तावीस झाले. काकांच्या सतरा वॉटांवर सरांनी बसल्या जागी काट मारली, तीही लातुरातून.

"सर, कामून एवढं कापायलाव?" काका म्हणाले. "आम्ही बोर्डात असताना लाइन लॉस काढायचो, तोही इतका निघायचा नाही." (लाइन लॉसबद्दल काकांचं हे विधान मी तपासलेलं नाही, तपासणारही नाही.)

काकांनी मग खोलीतल्या मीटरची साक्ष काढली. एसडब्ल्यूआर मीटर. वर पाठवलेल्या शक्तीपैकी किती परत आली ते हा दाखवतो. एकला एक असलं तर काहीच परत आलं नाही. दोनपर्यंत चालतं, तीनच्या पुढं यंत्र कण्हायला लागतं. काकांचा मीटर वर्षानुवर्षं दीडच्या आसपास. ज्याचा एसडब्ल्यूआर चांगला त्याचा अँटेना चांगला, ही हॅम जगातली सर्वांत लाडकी समजूत आहे, आणि तिचा निकाल एका वळवाच्या पावसानं लावला. मे महिना, दुपारनंतर वावटळ सुटली, पत्रे वाजले, टाकीचं झाकण दोन गल्ल्या पलीकडं सापडलं. रात्री नऊला काका नेहमीसारखे खोलीत बसले. मीटर बघितला, काटा पावणेदोनच्या अलीकडं. दमट हवेनं थोडा वाढला असेल म्हणून त्यांनी हाका मारायला सुरुवात केली. साडेनऊला काकू वरून कुरडयांचं प्लॅस्टिक गोळा करून खाली आल्या आणि म्हणाल्या, "अहो, तुमची काठी शेजारच्या शेवग्यात पडलीय."

मीटर खोटं बोलत नव्हता. पन्नास वॉट वर निघाले, वाटेत तीन चतुर्थांश मुरले, साडेबारा टोकाला पोचले. टोकाला काठी नव्हती, म्हणून ते सगळे माघारी फिरले. येताना त्यांतले पुन्हा तीन चतुर्थांश मुरले आणि खाली मीटरपाशी तीनच वॉट परत आले. मीटरनं हिशेब लावला, पन्नास गेले, तीन आले, म्हणजे सत्तेचाळीस अँटेनानं घेतले, वा! एसडब्ल्यूआर १.७. केबल जितकी गळकी तितका मीटर प्रसन्न. गणितानं तंतोतंत बरोबर असलेली ही गोष्ट सर आता अकरावीच्या वर्गात सांगतात. नाव घेत नाहीत, 'नांदेडचे एक गृहस्थ' म्हणतात. नांदेडहून शिकायला आलेली पोरं मान खाली घालतात.

केबल बदलायची ठरल्यावर वेगळंच नाट्य झालं. काकांनी डिशवाल्याकडून टीव्हीची पांढरी आरजी-६ आणली. सर हादरले. रेडिओ ५० ओहमचा, ही केबल ७५ ओहमची! सोयरिक जमायची नाही, एसडब्ल्यूआर दीड होणार! काका म्हणाले, दीडच होता की आजवर. गंमत अशी की तोटा बघितला तर या केबलचा आरजी-५८ च्या निम्म्याहून थोडा कमी भरतो. ५० आणि ७५ च्या भांडणातून होणारं नुकसान त्यापुढं किरकोळ. टीव्हीची केबल त्या वारंवारतेला बरी पडते, फक्त तिच्या अॅल्युमिनियमच्या जाळीला झाळ लागत नाही, जोड करताना माणूस देवाला आठवतो. नवा हिशेब झाला. टेलला चोवीस वॉट, ३.८५ डीबी मिळवून अठ्ठावन्न. ईआरपी दुपटीवर गेला. काकांनी पेढे वाटले. किलोमीटर विचारणाऱ्या गल्लीलाही वाटले.

दुपटीनं काय फरक पडतो? रेडिओवर येणाऱ्या सिग्नलची ताकद एस-मीटरवर मोजतात, आणि त्याचं एक घर म्हणजे ६ डीबी. शक्ती दुप्पट केली की ३ डीबी, म्हणजे काटा अर्धं घर सरकतो. ऐकणारा त्या वेळी चहाचा घोट घेत असेल तर त्याला कळतही नाही. एक घर चढायचं तर शक्ती चौपट हवी. आणि एवढं करून समोरचा रिपोर्ट देतो तो ठरलेला असतो, 'फाइव्ह नाइन'. पाच म्हणजे शब्द न् शब्द स्वच्छ, नऊ म्हणजे दणदणीत ताकद. हॅममधला शिष्टाचार असा, की कुणी कितीही क्षीण आलं तरी त्याला फाइव्ह नाइन म्हणायचं. "फाइव्ह नाइन, अगदी सुरेख, कृपया आपलं नाव, गाव आणि आत्ता काय बोललात ते पुन्हा सांगा." लग्नात जेवणावळीला नाव ठेवू नये, तसलाच हा संकेत असावा.

पेढे पचल्यावर पुन्हा रात्रीचे नऊ वाजले. "आयकू यायलंय का?" "नाही."

खरी अडचण वॉटात नव्हतीच. १४५ मेगाहर्ट्झची लहर जवळपास नजरेसारखी सरळ जाते आणि पृथ्वी गोल आहे. अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, वर्गमूळ काढा, ४.१२ नं गुणा, तेवढे किलोमीटर क्षितिज. काकांची काठी नऊ मीटरवर, म्हणजे बारा किलोमीटर. सरांचीही तेवढीच धरली तर दोघांचं मिळून पंचवीस. लहर थोडी वाकते, थोडी सांडते, म्हणून प्रत्यक्षात याहून पुढं जाते. पण हिशेबानं काकांचा आवाज वाटेतल्या लोह्याच्या अलीकडंच जमिनीला टेकतो. सपाट जमिनीवर ११५ किलोमीटर गाठायला दोन्ही घरांवर प्रत्येकी १९५ मीटरचे मनोरे हवेत. आणि जमीन सपाट कुठाय? नांदेड गोदावरीच्या खोऱ्यात, लातूर बालाघाटाच्या पठारावर, मधे कंधार-अहमदपूरची चढण. वॉट चौपट केले की एस-मीटरवर एक घर मिळतं, उंची चौपट केली की क्षितिज दुप्पट होतं. पण वॉट दुकानात मिळतात आणि उंचीसाठी काकूंची परवानगी लागते, त्यामुळं सगळे वॉटच वाढवतात.

उंचीची ताकद बघायची तर ५ मे २००५ आठवा. इस्रोनं पीएसएलव्ही-सी६ बरोबर हॅमसॅट नावाचा साडेबेचाळीस किलोचा उपग्रह सोडला, खास हौशी लोकांसाठी. त्याच्या ट्रान्सपॉन्डरची शक्ती होती १ वॉट. काकांच्या यंत्राचा पन्नासावा हिस्सा. सहाशे किलोमीटरवरून तो १ वॉट लोक गच्चीत उभं राहून, हातात छोटा यागी अँटेना धरून ऐकायचे. मधे बालाघाट नाही, गोदावरी नाही, ३० मीटर आरजी-५८ नाही. काका हे ऐकून म्हणाले, "त्यांच्या गच्चीवर कुरडया नव्हत्या."

शेजाऱ्यांचा ईआरपीचा अंदाज निराळाच असतो. त्यांच्या मते तो अमर्याद आहे. काकांच्या गल्लीत इन्व्हर्टर बिघडला, कूलरला शॉक लागला, व्हॉट्सअ‍ॅपचा फोटो उतरेना झाला, सगळं काठीच्या नावावर जमा होतं. शेजारच्या वहिनींची डोकेदुखीची तक्रार आली ती नेमकी काठी शेवग्यात पडली होती त्या आठवड्यातली. सर लातूरहून सुट्टीत आले होते, त्यांनी वहिनींना कागदावर गणित करून दाखवलं. २७ वॉट ईआरपी, दहा मीटर अंतर, चौरस मीटरला ०.०३५ वॉट. मोबाइल टॉवरसाठी भारतानं २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्शावर मर्यादा आणली. ती या वारंवारतेला चौरस मीटरला ०.२ वॉट पडते, म्हणजे काका तिच्या सहाव्या हिश्शाच्या आसपास, आणि तेही बटण दाबून बोलत असतील तेवढाच वेळ. वहिनींनी कागद नीट वाचला आणि म्हणाल्या, "मग हे दिवसभर बोलतात त्याचं काय?" याला फिजिक्समध्ये उत्तर नाही.

या खटाटोपाला कुणी रिकामटेकडेपणा म्हटलं की सर एरवी हसतात. एका विषयावर मात्र हसत नाहीत. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चार वाजायच्या आत भूकंपानं किल्लारी आणि सास्तूरच्या पट्ट्यातली गावं जमीनदोस्त झाली. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक झोपले होते. त्या दिवसांत हॅम मंडळी तिथं यंत्रं घेऊन आली आणि निरोप पोचवत बसली. गाडीची बॅटरी, झाडाला बांधलेली तार आणि पलीकडं ऐकणारा एक माणूस, एवढ्यावर ते चालतं. केबलचा लॉस काढायला तिथं कुणी थांबत नाही.

तार झाडाला बांधायची कल्पना त्यावरूनच निघाली. ७ मेगाहर्ट्झचा डायपोल, वीस मीटर साधी तार, सरांनी लिंबापासून टाकीपर्यंत बांधली, काकांनी गच्चीच्या कठड्यापासून त्याच शेवग्यापर्यंत. उंची जेमतेम चार मीटर. पुस्तकात बघितलं तर असला अँटेना नापास. एवढ्या खाली बांधला की त्याची शक्ती क्षितिजाकडं न जाता सरळ डोक्यावर जाते. पण दिवसा ती वर आयनांबरात आदळून खाली येते आणि भोवतालच्या दोन-तीनशे किलोमीटरवर सडा टाकावा तशी पडते. मधे बालाघाट असो नाहीतर हिमालय. शिवाय ७ मेगाहर्ट्झला तीच आरजी-५८ दीड डीबीसुद्धा खात नाही. म्हणजे नांदेड-लातूरला मनोरे नको होते, उंच काठीही नको होती. वाळत घालायच्या दोरीएवढ्या उंचीवर तार हवी होती. काकू हे पहिल्या दिवसापासून म्हणत होत्या, असं आता त्या सांगतात.

एक अडचण राहिली. ७ मेगाहर्ट्झला गावभरचे एलईडी दिवे, चार्जर आणि इन्व्हर्टर असा काही खरखराट करतात, की एस-मीटर कुणी न बोलताच नवावर टेकतो. त्यावर आमच्याकडं महावितरण औषध देतं. दुपारी भारनियमन झालं, गल्ली बंद पडली, बँड एकदम स्वच्छ झाला आणि बॅटरीवर बसलेल्या काकांना लातूर लख्ख ऐकू आलं. पहिल्यांदाच मोबाइल न उचलता दोघं बोलले. तूर काय भावानं गेली, पाणी कितव्या दिवशी येतं, गुडघा कसा आहे. ज्याच्यासाठी एवढं केलं ते बोलणं पाच मिनिटांत संपलं आणि सरांना राहवेना. ते म्हणाले, "काका, मी काल रात्री बसून काढलंय. काळ्या मातीचं परावर्तन धरलं, तारेची उंची धरली, जोड धरले. वरच्या दिशेला तुमचा ईआरपी नक्की सांगतो, लिहून घ्या."

काकांनी पेन उघडलं. तेवढ्यात लाइट आली. पंखा फिरला, गल्लीतले सगळे इन्व्हर्टर एका सुरात गुणगुणले, काटा नवावर जाऊन बसला आणि लातूर खरखरीत बुडालं.

काकांनी माइकचं बटण दाबलं. "फाइव्ह नाइन, सर, अगदी सुरेख. आकडा तेवढा परत सांगा."